खुंटीवरचा शंख

पुष्कळ पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, हे ज्याच्या बाबतीत ती घडली त्या म्हाताऱ्या पंडितालाही शेवटी शेवटी नीट सांगता येत नसे. कधी तो म्हणे, पहिली लढत फाल्गुनात झाली. कधी म्हणे, छे, तेव्हा कैऱ्या धरल्या होत्या. समोरच्याच्या हातात भाला होता की काठी, याचीही त्याला खात्री नव्हती. मग तो डोळे मिटून म्हणे, "बाकीचं चुकत असेन. लाज वाटली होती, ती मात्र बरोबर आठवते." तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, आपणही त्या लाजेचा हात धरूनच पुढे जाऊ.

त्या राज्यात एक जादूचे तळे होते. त्याचे पाणी तांब्याच्या परातीत भरून घरी ठेवले, की परातीत एक विस्तीर्ण मैदान दिसे. कुठल्याही गावचा कोणीही आपल्या परातीपुढे बसे आणि त्याची छबी त्या मैदानात उतरे. छबी हवी तशी घेता येई, नाव हवे ते घेता येई. पाण्यावर बोटे फिरवली की छबी चाले, धावे, वार करी. परातीबरोबर एक शंख मिळे. तो कानाशी बांधला, की मैदानातले बोलणे ऐकू येई आणि आपले बोलणे तिकडे जाई. लढताना छबी पडली तरी माणसाला खरचटतही नसे. लागायचे ते मनाला.

मैदानाचे दोन भाग होते. उत्तरेला मातीचे राक्षस असत. ते ठरल्याप्रमाणे लढत: दोन वार डावीकडून, एक उजवीकडून, मग डरकाळी. दक्षिणेला माणसे माणसांशी लढत. तिथे काहीच ठरलेले नसे.

आपला पंडित आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून घरी बसला होता. त्याने वेळ घालवायला परात आणली आणि दोन वर्षांत उत्तरेचे सगळे राक्षस लोळवले. कोणता राक्षस कितव्या श्वासाला मान खाली घालतो, हे त्याने एका जाड वहीत नीट लिहून ठेवले होते. त्याची छबी होती पंचविशीतल्या योद्ध्याची. नाव घेतले होते दिग्विजय.

एके सकाळी तो दक्षिणेला गेला. तिथे एक मोठी लाकडी फळी होती, तिच्यावर सगळे नियम लिहिलेले होते. पंडिताने ते तीनदा वाचले, वहीत उतरवले, आणि मगच पाऊल टाकले.

समोर आला मिरचीबुवा. लाल पगडी, तोंडाला कुलूप नाही.

"या दिग्विजयराव! सलामी द्या."

पंडिताने सलामी दिली आणि सवयीने डावीकडून येणाऱ्या दोन वारांची वाट पाहिली. वार आला उजवीकडून, एकच, आणि दिग्विजय आडवा झाला.

"अहो, उठा! दहा दिशा जिंकायच्यात, आणि तुम्ही एकाच दिशेला पडताय!"

भोवतीची माणसे हसली. पंडित पुन्हा उठला, पुन्हा पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा मिरचीबुवा वाकून म्हणाला, "खरं सांगा, बोटांनी खेळताय की वरवंट्याने?"

ज्याच्यासमोर चाळीस वर्षे विद्यार्थी श्वास रोखून बसले, त्याच्या कानात तो हशा उकळत्या तेलासारखा शिरला. त्याने शंख सोडला आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवून टाकला. मैदान एकदम मुके झाले. माणसे हसत होती, पण नुसतीच तोंडे उघडत होती. पंडिताला बरे वाटले.

त्याची बायको फुलवाती वळत बसली होती. तिने वर पाहिले.

"अहो, शंख खुंटीला का?"

"लक्ष विचलित होतं."

"असं होय," ती म्हणाली. "मग मी बोलते तेव्हा कुठे अडकवता?"

पंडिताने परात पुढे ओढली. ती पुढे म्हणाली, "हसले असतील तर हसू द्या की. मला पहिली पोळी लाटताना सगळं घर हसलं होतं." तेही त्याने न ऐकल्यासारखे केले.

दुसऱ्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. एक ठेंगणी बाई रोज त्याच्यासमोर येऊन सलामी देऊ लागली. तिच्या छबीच्या हातात स्वयंपाकघरातली असावी तशी भलीमोठी सांडशी होती, आणि नावही सांडशीच. मैदानात सगळे तिला मान देत. पंडिताला वाटले, सोपे सावज म्हणून ही मला निवडते.

ती तीन वार करी. तिसऱ्या वाराला दिग्विजय गुडघ्यावर येई. मग ती सांडशीचे टोक जमिनीला टेकवून स्वस्थ उभी राही. तिचे ओठ हलत. सहा श्वास झाले, की सांडशी उचलून ती चौथा वार करी आणि लढत संपे.

रोज हेच. उन्हाळा गेला, पाऊस गेला, तरी हेच. एकदा योगायोगाने पंडिताच्या बोटाने दिग्विजयचा उजवा पाय मागे सरकला आणि तिचा तिसरा वार हुकला. त्याबरोबर ती दोन्ही हात वर करून उडी मारू लागली, आजूबाजूच्यांना बोलावून काहीतरी दाखवू लागली. पंडिताने मान खाली घातली. आता चारचौघांना बोलावून चिडवते आहे, असे त्याला वाटले.

पण राक्षसांची वही लिहिणारा माणूस तो. त्याने नवे पान उघडले आणि लिहिले: "प्रतिपक्षाचा दोष. तिसऱ्या वारानंतर सहा श्वास निश्चल. हत्यार खाली." त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. मग तो उत्तरेच्या एका कोपऱ्यात जाऊन गुडघ्यावरून चार श्वासांत उठण्याचा सराव करू लागला. दक्षिणेत मात्र त्याने तो डाव एकदाही दाखवला नाही. रोज गुडघ्यावर येई, रोज मुकाट्याने चौथा वार खाई. डाव त्याने मेळ्यासाठी राखून ठेवला होता.

मेळा वर्षाअखेरीस भरे. वर्षभरात जिवंत माणसाशी एकही लढत न जिंकलेल्याची छबी तिथून कायमची उत्तरेला जाई, पुन्हा मातीच्या राक्षसांत. पंडिताने एकही जिंकली नव्हती. त्याच्या वाट्याला मेळ्यात एकच लढत होती. तीही गेली, तर उरलेले दिवस न बदलणाऱ्या मातीशी झुंजत काढायचे, आणि हे आपल्याला जमले नाही हे मनाशी कबूल करायचे. त्या विचाराने त्याला आठ दिवस जेवण गेले नाही.

चिठ्ठ्या निघाल्या. फळीवर नाव लागले: दिग्विजय विरुद्ध सांडशी.

फळीवर आणखी एक जुना नियम होता: शिकवणारा मेळ्यात आपल्या शिष्याकडून पडला, तर त्याने हत्यार फळीखाली ठेवावे आणि शिकवणे थांबवावे. पंडिताने तो पूर्वीच वाचला होता. आपला त्याच्याशी संबंध नाही, असे समजून तो पुढे गेला होता. त्याला कुठे कोण शिकवत होते?

लढत सुरू झाली. एक वार, दुसरा वार, तिसरा. दिग्विजय गुडघ्यावर आला. सांडशीने टोक जमिनीला टेकवले. तिचे ओठ हलले. एक श्वास, दोन, तीन. चौथ्याला दिग्विजय उसळून उठला आणि त्याने तलवार चालवली.

सांडशी पडली.

सगळ्या मैदानाची तोंडे उघडी राहिली. इतक्या महिन्यांनी पंडिताला प्रथमच वाटले, की आता ऐकायला हरकत नाही. आता जयजयकार होत असेल. त्याने उठून खुंटीवरचा शंख काढला, धूळ फुंकली आणि कानाशी बांधला.

शंखात काहीच नव्हते. बिघडला की काय म्हणून त्याने तो हलवून पाहिला. शंख बिघडला नव्हता. मैदान गप्प होते.

मग मिरचीबुवाचा आवाज आला. त्यात थट्टा नव्हती.

"टोक जमिनीला होतं, दिग्विजयराव."

"म्हणजे?" पंडित म्हणाला.

"म्हणजे काय म्हणजे? टोक टेकवलेल्या माणसाला इथे कोणी मारत नाही. कधीच नाही."

"फळीवर तसं कुठेच लिहिलेलं नाही."

"फळीवर कशाला लिहायचं? पहिल्या दिवशीच एकमेकांना सांगतात. आणि ही तर तुम्हाला रोज सांगत होती. टोक टेकवून उभी राहायची, ते कशासाठी? पाय कुठे ठेवा, खांदा कसा वळवा, सगळं सांगायला. अहो, एवढं तर आमच्या वस्तादांनी आम्हाला नाही शिकवलं. ऐकत होतात ना?"

आता नीट ऐका, कारण गोष्ट इथेच आहे. पंडिताला एका क्षणात सगळे कळले. हलणारे ओठ, त्या दिवशीची उडी, सहा श्वास. आपला शंख वर्षभर खुंटीला होता, एवढेच त्याला म्हणायचे होते. पाच शब्दांचे काम. पण ते म्हटले असते, तर लोकांना कळले असते की हसण्याला भिऊन हा कान बंद करून बसला होता, आणि कशातले काही न कळता वर्षभर मार खात होता. लबाड म्हणवून घेणे त्याला चालले असते. मूर्ख म्हणवून घेणे चालले नसते.

"ऐकत होतो," तो म्हणाला. "सगळं ऐकलं."

सांडशी तोवर उठून बसली होती. तिचा आवाज त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. साधा होता, थोडा बसलेला, दिवसभर चुलीपुढे असणाऱ्या बाईचा असतो तसा.

"सगळं?"

"हो."

"मग शिकलात म्हणायचं," ती म्हणाली. ती रागावली असती तरी त्याला सोसले असते. तिने सांडशी उचलली, फळीखाली नेऊन ठेवली, आणि तिची छबी पाण्यात साखर विरघळावी तशी नाहीशी झाली.

त्या दुपारी पंडित परातीपुढून उठला, तेव्हा बायकोने विचारले, "काय झालं? जिंकलात का?"

"जिंकलो."

"मग असा चेहरा का?"

त्याला तिलाही सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी शंख बांधून तो दक्षिणेला गेला. त्याने खरे सांगायचे ठरवले होते. शब्दसुद्धा वहीत लिहून आणले होते. पण सांडशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिचे खरे नाव काय, गाव कोणते, कोणालाच ठाऊक नव्हते. मैदानात कोणी ते विचारतच नसे.

आणि तो ज्याच्या ज्याच्यासमोर सलामी द्यायला उभा राहिला, त्याने त्याने शांतपणे आपल्या हत्याराचे टोक जमिनीला टेकवले. मिरचीबुवाने टेकवले. कालच आलेल्या नवख्यांनीही टेकवले. त्यांना ते कोणीतरी सांगितले होते. कोणी शिवी दिली नाही, कोणी हसले नाही. आता रिवाज त्याला माहीत होता, त्यामुळे तो हात उचलू शकत नव्हता. दक्षिणेत राहण्याचा हक्क त्याने मिळवला होता आणि तिथे त्याच्याशी लढणारे कोणी उरले नव्हते. त्या हशाचीही त्याला आठवण येऊ लागली. महिनाभराने तो आपणहून उत्तरेला परतला. राक्षस होते तसेच होते: दोन डावीकडून, एक उजवीकडून, मग डरकाळी.

मुलांनो, मोठ्यांनो, बोध एवढाच: आपले न कळणे झाकण्यासाठी जो कान बंद करतो, त्याच्यापर्यंत लोकांचे हसू पोहोचत नाही, आणि कोणाची मायाही पोहोचत नाही.

सात वर्षांनी पंडिताने पुन्हा दक्षिणेला जाऊन मिरचीबुवाला त्याचे गाव विचारले, आणि तो तिथे गेला. मिरचीबुवा एक किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा कासार निघाला. त्याच्या ओसरीवर बसून पंडिताने शंखाची खरी हकिकत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच सांगितली. मग विचारले, "त्या दिवशी, मी वार केला त्याच्या आधी, ती काय बोलत होती?"

कासाराने सांगितले. पंडिताचा स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता, आणि एकाच साक्षीवर तो आयुष्यात कधी विसंबला नव्हता. म्हणून त्या लढतीला जवळ उभ्या असलेल्या आणखी दोघांना, एका धनगराला आणि एका विणकर बाईला, तो त्यांचीही गावे विचारून, वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन भेटला आणि तोच प्रश्न विचारला. दिग्विजयची छबी पंचविशीतली होती, आणि पंडिताने आपले वय मैदानात कोणालाही कधी सांगितले नव्हते. तरी तिघांनी तेच वाक्य सांगितले, शब्दाचाही फरक न करता:

"सावकाश उठा, आजोबा. मी थांबलेय."