तारखांची रांग

एका गावात गुरांच्या लशींचे एक कोठार होते. तिथे इंदुमती बारा वर्षे संगणकावर नोंदी करीत असे. प्रत्येक बाटलीची मुदत ती बोलल्यासारखी लिहायची, ‘०२ डिसेंबर’, ‘२८ जानेवारी’. यादी कशीही लागली तरी अडत नसे, कारण सगळ्या तारखा तिला पाठ होत्या. गाडीवाले दारातूनच ओरडायचे, “इंदुताई, आधी कोणती पेटी नेऊ?” ते ऐकायला तिला फार आवडे.

मग शलाका नावाची मुलगी कामाला आली. ती म्हणाली, “ताई, अशी लिहिलेली तारीख म्हणजे संगणकाला नुसती अक्षरं वाटतात. आपण खास तारखेचा रकाना करू. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.”

तसे केल्यावर ज्या बाटलीची मुदत आधी संपणार, ती आपोआप यादीत वर येऊ लागली. कोठाराचे प्रमुख डॉक्टर तांबोळी खूश झाले. गाडीवाले यादी पाहूनच पेट्या उचलू लागले. एक जण हसून म्हणाला, “इंदुताई, आता तुम्ही नुसता चहा प्या!” चहाही आता आधी शलाकाच्या टेबलावर जात असे. इंदुमती रोज ते पाही आणि तिचा चहा तसाच निवून जाई.

जानेवारी लागताच शलाका बहिणीच्या बाळंतपणासाठी महिनाभर रजेवर गेली. इंदुमतीने तारखेचा रकाना मोडून पुन्हा अक्षरांचा केला आणि तारखा जुन्या पद्धतीने लिहिल्या. तिला वाटले, यादी बिघडेल, मग सगळे पुन्हा मलाच विचारतील.

यादी बिघडली. संगणक आता महिना पाहत नव्हता, पहिले आकडे तेवढे पाहत होता. ‘०२ डिसेंबर’ वर चढली, ‘२८ जानेवारी’ तळाशी गेली. वर्षाअखेरपर्यंत चालणाऱ्या डिसेंबरच्या पेट्या आधी बाहेर पडल्या. कोणत्या पेट्या मागे राहिल्या आहेत, हे फक्त इंदुमतीला ठाऊक होते. कुणी विचारील म्हणून ती रोज दाराकडे पाहत बसली. कुणीच विचारले नाही. सगळ्यांचा यादीवर विश्वास होता.

एकोणतीस जानेवारीला लस टोचणारा माणूस इंदुमतीच्या वाडीत आला. शेजारच्या गावात गुरांची साथ आली होती. इंदुमती आपल्या ढवळी गाईला धरून उभी होती. त्याने बाटली उजेडात धरली आणि परत पेटीत ठेवली.

“ताई, मुदत कालच संपली. ही टोचता येणार नाही.”

शलाका रजेवरून आली तेव्हा डॉक्टरांनी तिलाच बोल लावले. तिने यादी उघडली, रकाना पाहिला आणि काय ते ओळखले. डॉक्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, “ताई, तुम्हाला तर सगळ्या तारखा पाठ. एकदा तरी सांगायचं होतं.”

“मला कुणी विचारलंच नाही,” इंदुमती म्हणाली आणि रडू लागली.

मग ती स्वतःच उठून डॉक्टरांकडे गेली व खरे काय ते सांगून आली. शलाकाने रकाना दुरुस्त केला. पण नवी लस यायला आठ दिवस लागले, आणि सातव्या दिवशी साथ वाडीत पोहोचली; ढवळीने वैरणीवरून तोंड फिरवले.

तात्पर्य: दुसऱ्याने नीट लावलेली रांग मत्सरापोटी मोडू नये, त्या रांगेत कुठेतरी आपणही उभे असतो.