दर्पणसरोवराखालची पेठ

एका राज्यात चहूकडे डोंगर होते आणि डोंगरांमधल्या खोऱ्यांत जुन्या पेठा होत्या. ते राज्य पाहायला दूरदेशीचे लोक येत. तांबटपेठेत सूर्योदयापासून हातोड्यांचा नाद चाले आणि सगळी गल्ली तांब्याच्या तेजाने उजळून जाई. देवदारपुरात घराघरांच्या सज्ज्यांवर लाकडाचे मोर कोरलेले होते. पाऊस आला की ते मोर उठून आडोशाला जात. उत्तरेच्या हिमशिखरांवर यक्ष राहत. सकाळी ते आपली केशरी वस्त्रे उन्हात वाळत घालीत, ती खालच्या गावांतून दिसत. पाहणारे म्हणत, डोळ्यांचे पारणे फिटले.

राजा धृतिमानाचे मात्र तेवढ्याने समाधान होईना. एकदा शेजारचा राजा पाहुणा आला होता. निघताना तो म्हणाला, "डोंगर देवाने दिले, पेठा पूर्वजांनी वसवल्या. यात तुमचे काय?" हे शब्द धृतिमानाच्या काळजात रुतून बसले.

पुढे राज्यात बातमी पसरली की सोनवट पेठेवर डोंगर कोसळला आणि सारी पेठ पाण्याखाली गेली. सोनवट म्हणजे लोकर, मीठ आणि कस्तुरीची जुनी बाजारपेठ. तिच्या जागी विस्तीर्ण सरोवर झाले. पाणी इतके निश्चल की सगळी हिमशिखरे त्यात उलटी दिसत. राजाने त्याला दर्पणसरोवर नाव दिले, काठावर धर्मशाळा बांधल्या, आणि दवंडी पिटवली की सोनवटचे नाव कोणी घेऊ नये, तिच्यासाठी कोणी रडू नये, ते अशुभ आहे. सोनवटच्या लेकी दुसऱ्या पेठांत दिलेल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबून माहेर विसरल्यासारखे केले.

सरोवर पाहायला माणसांची रीघ लागली. बऱ्याच वर्षांनी लोकांच्या ध्यानात आले की जाणारे दिसतात, परत येणारे दिसत नाहीत.

ते सगळे काठावर बसलेले होते. पाण्याकडे पाहत होते. पापणी लवत नव्हती, श्वास तेवढा चालू होता. त्यांच्या खांद्यांवर शेवाळ चढले होते, आणि पाखरांनी कुणाच्या पागोट्यात घरटी केली होती. युवराज रुचिर त्यांना सोडवायला गेला. त्याने पाण्यात एकदा डोकावले आणि तोही त्यांच्यात बसला.

रुचिराची पत्नी मृणालवती ही तांबटपेठेच्या नगरशेठची लेक. ती पाण्याकडे पाठ करून उलट्या पावलांनी काठापर्यंत गेली. पतीच्या डोळ्यांवर तिने आपली शाल बांधली, तरी त्याचे तोंड पाण्याकडेच वळले. तिने त्याला मागे ओढले तेव्हा त्याचा श्वास थांबला. घाबरून तिने त्याला पुन्हा होता तिथे बसवले, मग श्वास सुरू झाला. तिथल्या देवदारावर एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. तो माणसाच्या वाणीने बोलला.

"बाई, यांना पाण्याने धरलेले नाही. पाण्याखालच्यांनी धरले आहे."

"त्यांना काय हवे आहे?"

"कोणीतरी त्यांच्याकडे पाहावे. येणारा प्रत्येक जण शिखरेच पाहतो."

मग त्याने तिला तीन कामे सांगितली. सोनवटच्या तांब्याची घंटा ओतायची. या पाण्यावर तरेल अशी नाव आणायची, कारण साधे कोणतेही लाकूड इथे बुडते. आणि हिमशिखरांखाली मायावी काळजंघ राहतो, त्याच्याकडून या सरोवराच्या मंत्राची गाठ कशी सुटते ते विचारून यायचे. "प्रत्येक गोष्टीचे मोल पडेल," धनेश म्हणाला. मृणालवतीने वाद घातला नाही. ती माहेरच्या वाटेला लागली.

तिची आई सोनवटची होती. इतकी वर्षे त्या माउलीने हे नाव ओठांवर आणले नव्हते. लेकीचे बोलणे ऐकून ती उठली, कोठीत गेली आणि लग्नात आंदण मिळालेला हंडा घेऊन आली. तिचे पाहून शेजारची सोनवटची लेक आली, मग पलीकडच्या गल्लीतली. कोणी तांब्या आणला, कोणी परात, एकीने नुसती पळी. तांबटांनी भट्टी पेटवली, रस ओतला, घंटा झाली; पण टोल दिला तर नाद निघेना. भट्टीतला अग्नी म्हणाला, "हिच्या पोटात दुःखच आहे. जिचा संसार अजून उभा आहे तिचे हसू मला द्या." मृणालवतीने आपले हसू दिले. तरी घंटा मुकीच राहिली. अग्नी म्हणाला, "आता ती वाजेल, पण खऱ्या शब्दावरच वाजेल." त्या दिवसापासून मृणालवती कधी हसली नाही.

देवदारपुरात वीरभद्र नावाचा सुतार होता. त्याची बायको चंद्राई सोनवटच्या बाजाराला गेली होती, ती परतली नाही. ती येईल म्हणून त्याने घराचे दार तेव्हापासून लावले नव्हते. थंडीत बर्फ आत येई, तरी नाही. ज्या दाराने इतकी वाट पाहिली तेच लाकूड त्या पाण्यावर तरेल, असे पेठेतल्या कोरीव मोरांनी मृणालवतीला सांगितले. तिने दार मागितले. वीरभद्र नाही म्हणाला. दार नसले तर चंद्राईला घर कसे ओळखू येईल, असे त्याने विचारले.

मृणालवती त्याच्या उंबऱ्यावर बसली. खोटे सांगून दार नेता आले असते. तिने तसे केले नाही.

"बाबा, त्या येणार नाहीत."

म्हाताऱ्याने हातातला रंधा खाली ठेवला. मग त्याने आपल्या हाताने दार उतरवले आणि त्याची चपट्या बुडाची नाव केली. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर तो भिंतीला टेकला आणि त्याचे प्राण गेले. मृणालवतीने त्याला अग्नी दिला, नाव सरोवराच्या काठी पोहोचवली आणि ती हिमशिखरांकडे निघाली. वाटेत ती जेवली नाही. आपण बोललो नसतो तर तो जगला असता, हा विचार तिच्यासोबत चालत होता.

काळजंघ हिमशिखरांखालच्या गुहेत होता. कमरेपर्यंत तो बर्फ झाला होता. दरवर्षी बर्फ थोडा वर चढे. तिला पाहून तो म्हणाला की तुझ्याकडून मी काहीच घेणार नाही, तुला जे ऐकावे लागणार आहे तेच पुरेसे मोल आहे. मग त्याने सांगितले. राजाने त्याच्याकडे जगात कोणाकडे नसेल असे पाहण्याजोगे ठिकाण मागितले होते. काळजंघ म्हणाला होता की डोंगर दुमडून पाणी अडवता येईल, पण ते पाणी आरशासारखे स्थिर व्हायला त्याखाली प्राण लागतात, आणि पुष्कळ लागतात. राजाने रात्रभर विचार केला. सकाळी त्याने होकार दिला आणि बाजाराचा दिवस नेमला, कारण त्या दिवशी पेठ भरलेली असते.

"गाठ कशी सुटते?" मृणालवतीने विचारले.

"ज्याने होकार दिला, त्याने तो पाण्यावर जाऊन त्यांच्या तोंडावर सांगायचा. डोंगर उलगडेल. सांगणारा परत येणार नाही."

ती राजधानीत आली. धृतिमान गच्चीवर एकटाच बसला होता. मुलगा गेल्यापासून तो खचला होता. दाढी वाढली होती, ताटातले अन्न तसेच पडले होते. तिने घंटा त्याच्यापुढे ठेवली आणि काळजंघाचे बोलणे सांगितले.

"मला ठाऊक नव्हते," राजा म्हणाला.

"ठाऊक होते, मामंजी."

राजाने मान फिरवली. मग त्याने विचारले, "मी गेलो नाही तर?"

"तर रुचिर तिथेच राहतील. माणसे येत राहतील. येणाऱ्यांसाठी धर्मशाळा तुम्हीच बांधल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा तिच्याबरोबर निघाला. काठावर बसलेल्यांच्या रांगेतून जाताना तो मुलाजवळ थांबला, त्याच्या खांद्यावरचे शेवाळ हाताने पुसले, आणि नावेत बसला. मृणालवती पाठमोरी उभी राहिली. पाण्यावर शब्द स्वच्छ ऐकू येत होते.

सरोवराच्या मध्यावर राजाने घंटेवर टोल दिला. "दैवाने तुम्हाला बुडवले," तो म्हणाला. घंटा वाजली नाही.

त्याने पुन्हा टोल दिला. "काळजंघाने तुम्हाला बुडवले." घंटा वाजली नाही.

मग राजाने प्रथमच शिखरांवरून नजर काढून पाण्याच्या तळाकडे पाहिले. खाली पेठ होती. दुकाने मांडलेली होती, तराजू टांगलेले होते, आणि सगळे लोक माना वर करून उभे होते. एका बाईच्या हातात नवऱ्यासाठी घेतलेली कानटोपी होती. एका मीठवाल्याने आपल्या लेकराला डोक्यावर उचलून धरले होते. पाणी चढताना जसे धरले, तसेच.

त्याने तिसरा टोल दिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज राजाचा वाटत नव्हता.

"मला विचारले होते. मी होय म्हणालो."

घंटा वाजली. तिचा नाद सगळ्या पेठांत ऐकू गेला. दुमडलेला डोंगर उलगडला, पाणी दरीतून गर्जत निघून गेले, आणि त्याबरोबर नाव आणि राजाही गेला. उत्तरेला गुहेतला बर्फ काळजंघाच्या मस्तकावर मिटला.

काठावरच्या माणसांनी पापण्या मिटल्या. ज्यांना बसून फार वर्षे झाली होती ते तिथेच आडवे झाले आणि उठले नाहीत. बाकीचे धडपडत उभे राहिले, आपली माणसे शोधू लागले. रुचिराने मृणालवतीचा हात धरला आणि वडील कुठे आहेत असे विचारले. तिने काही न झाकता सगळे सांगितले. तो चिखलात खाली बसला. मग उठला, कमरेला शेला बांधला आणि पहिला देह उचलायला पेठेत उतरला.

राजाने घातलेली बंदी रुचिराने त्याच दिवशी उठवली. सोनवटच्या लेकी सगळ्या पेठांतून आल्या, म्हाताऱ्या झालेल्या, नातवंडांचा हात धरून; आणि आपापल्या घराच्या उघड्या भिंतींपुढे बसून त्यांनी नावे घेऊन घेऊन रडून घेतले. खोऱ्यात चिता पेटल्या. यक्षांनी त्या सकाळी वस्त्रे वाळत घातली नाहीत, आणि शिखरे पांढरीच राहिली.

रुचिर राजा झाला, मृणालवती राणी झाली. त्यांनी न्यायाने राज्य केले, वाटा निर्धोक झाल्या, पेठा पुन्हा भरल्या. मंत्राची गाठ सुटली, राज्य सावरले. ज्यांचे गेले त्यांचे मात्र गेलेच. ऐकणाऱ्यांवर अशी वेळ न येवो.