पहिली की शेवटची?

सैनिकी अकादमीच्या मुलाखतीला ऋजुता धायगुडे आली तीच बावचळलेली. पोर कधी शाळेची पायरी चढली नव्हती. आईनेच तिला घरी शिकवलेलं. समोर इतर अधिकाऱ्यांच्या मधोमध कर्नल इंगवले मिशीला पीळ देत बसलेले.

"वर्गात कितवी यायचीस?"

"पहिली, सर."

"मुलं किती वर्गात?"

"मी एकटीच."

सगळे खो-खो हसले. कर्नल म्हणाले, "मग शेवटचीही तूच की! नीट सांग, पहिली की शेवटची? नाहीतर घरी जा, आईच्या पदराखाली बस."

पहिली म्हणावं तर हसतात, शेवटची म्हणावं तर हाकलतात. तेवढ्यात ऋजुताला खिडकीतून फाटकावरचा पहारेकरी दिसला. भर उन्हात एकटाच ताठ उभा होता.

"सर, मला खरंच कळत नाही, तुम्हीच सांगा. तो जवान एकटाच पहारा देतोय. तो पहिला की शेवटचा?"

मिशीवरचा हात तिथेच थांबला. पहिला म्हणावं तर पोरगी जिंकते, शेवटचा म्हणावं तर जवानाचा अपमान. आता गोंधळायची पाळी कर्नलांची होती.

"घरी जा," शेवटी ते खाकरून म्हणाले, "आणि आईला सांग, वर्गाला कुलूप लाव. विद्यार्थिनी आम्ही नेतोय."