खिलत घेऊन आलेला सरदार

दोष राजा एलिझबारचा. इराणच्या शहाचा नव्हे. शहा मागत होता ते उघड मागत होता. देणारा हा होता.

“मग काय करू, मामा? नाही म्हणू?”

जॉर्जियात बापाला मामा म्हणतात, साधूलाही. मामा सिलोवान डोंगरातल्या गुहेत राहायचा. राजा तिथं धापा टाकत चढून आला होता. बसवत नव्हतं त्याला.

खाली, गावाबाहेरच्या बागेत शहाची खिलत, म्हणजे मानाचा झगा, येऊन थांबली होती. ती अंगावर चढवली की गादी टिकायची. घरी हा राजा. शहाच्या दरबारी नुसता वाली. आपल्याकडं वाली म्हणजे सांभाळणारा. तिकडं सुभेदार.

यंदा खिलतीसोबत मागणी होती. धाकटा मुलगा पापुना ओलीस हवा. थोरला जिमशेर लहानपणीच इस्फहानला गेला होता. तो परत आला नव्हता.

“नाही म्हणालो तर फौज येईल. गावं जाळतील.”

“जाळतील.”

“माझ्या बापानं मलाही पाठवलंच होतं की! मी मेलो का?”



म्हाताऱ्यांचं हे असंच. स्वतः भोगलेलं मुलांच्या गळ्यात मारायचं आणि त्याला रीत म्हणायचं.

“जिमशेर निघाला तेव्हा तुम्हीच आशीर्वाद दिला होतात.”

“दिला होता...”

साधूही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता.

“मग आताही द्या. नगारा वाजतोय, मामा. ते थांबायचे नाहीत.”

“चल. मी येतो खाली.”

बागेत गालिचा अंथरला होता. त्यावर शहाचा सरदार उभा, दोन्ही हातांवर जरीचा झगा. तरुण पोरगा. दाढी नीट कोरलेली. नाक मात्र थेट राणीचं.

राजा पुढं झाला.

“जिमशेर...?”

सरदारानं दुभाष्याकडं पाहिलं.

राजा घाईघाईनं फारसीत म्हणाला, “अरे बाळा, मी... मी तुझा...”

“ठाऊक आहे, वालीसाहेब.” आवाजात अदब होती. “आधी वाका. मग बोलू.”

राजा वाकला. मुलाच्या हातातल्या झग्याचा काठ त्यानं ओठांना लावला. मुलानं झगा त्याच्या खांद्यांवर नीट बसवला, सुरकुतीसुद्धा काढली.

“आता तुमचा धाकटा बोलवा.”

माझा भाऊ, असं तो म्हणाला नाही.

राजानं मामाकडं पाहिलं. “आशीर्वाद द्या हो...”

मामानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

राजा तरीही ‘नाही’ म्हणाला नाही. पापुनाला आणलं, घोड्यावर बसवलं. तो वळून वळून बघत होता. जिमशेरनं एकदाही मागं पाहिलं नाही.

धूळ खाली बसली.

“राज्य तर वाचलं ना, मामा? ... बोला की काहीतरी!”

“वाचलं. मुलगे दोन्ही गेले.”