सूयिंग सरकत नाही

एकदा काय झालं, चीन देशात एक बाई चिखलात पडली.

हसू नका. आपली आपण नव्हती पडली, तिला ढकललं होतं. सूयिंग तिचं नाव. साठी उलटलेली, केस पांढरे, बांबूच्या टोपल्या विणून विकायची. त्या दिवशी खांद्यावर टोपल्यांची कावड घेऊन ती बाजारात चालली होती. समोरून आली कुणा सरदाराची पालखी. पुढचा भोई ओरडला, "सरक गं म्हातारे!" आणि ती सरकायच्या आतच त्याने कोपराने असं ढकललं, की सूयिंग चिखलात आणि टोपल्या रस्ताभर.

मग चिखलात बसल्या बसल्या तिला सगळं आठवायला लागलं. लहानपणी भाऊ म्हणायचे, सरक. लग्न झालं, तर सासू म्हणायची, चुलीपासून सरक. आता सून म्हणायची, "सासूबाई, जरा सरका, झाडायचंय मला." साठ वर्षं बाई नुसती सरकतच आली होती.

मग सूयिंग उठली. टोपल्या तिथेच टाकल्या, बरं का, एकही उचलली नाही. घरी गेली आणि सुनेला म्हणाली, "मी शिकायला चालले."

"या वयात? काय शिकायला?"

"न सरकायला."

त्या गावामागे एक उंच डोंगर होता. डोंगरावर एक मठ होता, ताओ पंथाच्या साधूंचा. ताओ पंथ म्हणजे काय, तर झाडं कशी वाढतात, पाणी कसं वाहतं, ते बघायचं आणि माणसाने तसं जगायचं, असं मानणारे लोक. ते ध्यान करायचे आणि कुस्तीसारखी, लाठीसारखी एक विद्याही शिकवायचे. लांबलांबून तरणी पोरं यायची तिथे. सगळ्यांचे निळे अंगरखे, डोक्यावर केसांचा बुचडा आणि त्यात लाकडी काटा.

आणि आणखी एक होतं त्या मठात. एक ढग राहायचा. हो, खरोखरचा ढग! रोज सकाळी डोंगरावरून हळूहळू उतरायचा आणि गाय गोठ्यात येते तसा अंगणात यायचा. पोरं त्याला झाडूने जरा बाजूला लोटायची, मग अंगण झाडायची. ढग छपरावर जाऊन बसायचा, तिथून थेंब थेंब गळायचा. त्या थेंबांचा झाला झरा, झऱ्याची झाली नदी, आणि त्या नदीचं पाणी खालची सात गावं प्यायची.

तर सूयिंग चढली नऊशे पायऱ्या आणि मठाच्या दारात उभी राहिली. दार कसलं, दोन कड्यांच्या मधली एक चिंचोळी दगडी कमान. आत यायला तेवढी एकच वाट. तिथे फेंग नावाचा मोठा शिष्य पहाऱ्याला होता. चांगला आडदांड गडी.

"आजी, नैवेद्य आणलाय का? इथेच ठेवा."

"नैवेद्य नाही, मीच आलेय. मला शिकायचंय."

फेंग एवढा हसला की त्याच्या बुचड्यातला काटा खाली पडला. आतून मो गुरुजी बाहेर आले. काठीसारखे बारीक, दाढी बेंबीपर्यंत. त्यांनी विचारलं, "बाई, आजवर इथे कुणी म्हातारं माणूस शिकायला आलं नाही. तुम्ही का आलात?"

"म्हातारी होईपर्यंत सवडच मिळाली नाही, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, "या आत."

मग शिक्षण सुरू झालं. पहिलं वर्ष गेलं नुसतं उभं राहण्यात. सोपं वाटतंय ना? उद्या सकाळी राहून बघा. गुडघे थोडे वाकवायचे, हात असे गोल, जणू मोठा रांजण कवेत घेतलाय. आणि हलायचं नाही. पहिल्या दिवशी तिचे पाय चाळणीसारखे थरथरले. रात्री पेजेचा वाडगा हातात धरवेना. पोरं कुजबुजायची, आज जाईल म्हातारी, उद्या जाईल. म्हातारी गेली नाही. रोज पहाटे झऱ्यावरून पाण्याची कावड आणायची, कोबीचं लोणचं आणि पेज खायची, आणि जाऊन उभी राहायची.

दुसरं वर्ष ढकलाढकलीचं. समोरासमोर दोघांनी उभं राहायचं, तळहाताला तळहात. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने पडायचं नाही. सूयिंगच्या समोर यायचा फेंग, आणि सूयिंग पडायची. दिवसातून वीस वेळा पडायची. एकदा अंगण ओलं होतं, ती अशी आपटली की तिला रडूच फुटलं.

"गुरुजी, मी सगळा जोर लावते, तरी पडते."

"म्हणूनच पडता," गुरुजी म्हणाले. "जोर लावून अडवू नका. त्याचा धक्का आत येऊ द्या, कमरेतून पायांत जाऊ द्या, पायांतून जमिनीत. डोंगराला द्या. डोंगर केवढा आहे! तो घेईल."

आणि मग तिसऱ्या वर्षी एक गंमत झाली. सूयिंग उभी होती, डोक्यावर दोन चिमण्या बसल्या होत्या, आणि तिला तळव्यांखाली काहीतरी जाणवलं. वर, खाली. वर, खाली. डोंगर श्वास घेत होता, बरं का. तिने आपला श्वास त्याच्या श्वासात मिसळला. त्या दिवशी फेंगने ढकललं आणि त्याला वाटलं आपण भिंतीलाच हात लावला. तो लालबुंद झाला, घामाघूम झाला. सूयिंग जागची हलली नाही.

फेंगने खाली वाकून तिला नमस्कार केला. पोरगा वाईट नव्हता तो.

आता ऐका. त्या देशाचा राजा होता तरुण आणि हट्टी. उन्हाळ्यात त्याच्या बागेतलं कमळांचं तळं आटलं. कुणीतरी त्याला सांगितलं, महाराज, डोंगरावर एक पाळीव ढग आहे. झालं! राजा म्हणाला, "आणा तो. माझ्या बागेवर बांधून ठेवा."

दूत आला, गुरुजींनी त्याला चहा दिला आणि गोड शब्दांत नाही म्हणून सांगितलं. मग आला सेनापती, शंभर शिपाई आणि एक भलंमोठं रेशमी जाळं घेऊन. ढग बिचारा छपरावर पेंगत होता. त्याच्यावर जाळं टाकलं आणि दोऱ्या आवळल्या. ढगाचं झालं एक गाठोडं. कण्हल्यासारखा आवाज यायला लागला त्यातून. आणि त्याच क्षणी झरा थांबला.

फेंगचा हात तलवारीकडे गेला. गुरुजींनी तो धरला. "नको. रक्त सांडेल. वाट द्या त्यांना. आपण पाण्यासारखे आहोत, पाणी सगळ्यांना वाट देतं."

सगळी पोरं मान खाली घालून बाजूला झाली. सूयिंग तेवढी चालत गेली आणि दाराच्या कमानीत उभी राहिली. गुडघे थोडे वाकवून, हात गोल. तिच्या हाताखालून एखादा माणूस वाकून निघाला असता, पण ढगाचं गाठोडं नाही.

"सूयिंगबाई, बाजूला व्हा," गुरुजी म्हणाले.

"नाही होणार, गुरुजी. पाणी वाट देतं, खरं आहे. पण पाणी कधी चढावर जातं का? राजाने हुकूम सोडला तरी जात नाही. ते आपला उतार सोडत नाही. मग मी का सोडू?"

 गुरुजी दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं." आणि ते तिच्या शेजारी, कमानीपाशी मांडी घालून बसले.

सेनापती पुढे आला. "सरक, म्हातारे!"

सूयिंग म्हणाली, "साठ वर्षं सरकले. आता पुरे."

दहा शिपाई आले आणि ढकलायला लागले. तिने त्यांचा धक्का आत घेतला, पायांत सोडला, डोंगराला दिला. खाली दरीत चार दगड घरंगळले, बस्. सूयिंग हलली नाही. मग त्यांनी तिच्या कमरेला दोर बांधला आणि दोराला बाहेर पायऱ्यांवर थांबलेले घोडे जुंपले, एक नाही, चाळीस. घोडे फुरफुरले, टापांतून ठिणग्या उडाल्या. तिचे गुडघे दुखत होते हं, कंबर मोडतेय असं वाटत होतं. पण डोंगर श्वास घेत होता आणि ती त्याच्याबरोबर घेत होती. काडकन दोर तुटला, आणि चाळीस घोडे पायऱ्यांवरून जे खाली पळाले ते थेट गावात!

सेनापतीने चिडून तलवारीला हात घातला. पण मागे बघतो तर त्याचेच शिपाई तोंडं फिरवून उभे. त्यातले कितीतरी त्या सात गावांचे होते. एक जण म्हणाला, "साहेब, ती नदी आमच्या घरची आहे." सेनापतीचा हात खाली आला.

तिसऱ्या दिवशी स्वतः राजा आला. सूयिंग अजून तिथेच. फेंग तिला चमच्याने पेज भरवत होता. झऱ्याचं पाणी नव्हतंच, रांजणातलं शेवटचं पाणी त्या पेजेत गेलं होतं.

"मी राजा आहे," राजा म्हणाला.

"असाल. मी सूयिंग आहे."

राजाने बाह्या सरसावल्या आणि ढकलायला लागला. हाताने ढकललं, खांद्याने ढकललं, पाठ लावून ढकललं. मुकुट पडला, तो नऊशे पायऱ्या ठणठण वाजत गेला. ऊन डोक्यावर आलं आणि कललं. शेवटी राजा धापा टाकत तिच्या पायाशी बसला.

"पाणी," तो म्हणाला. "कुणीतरी पाणी द्या."

कुणीच हललं नाही. पाणी होतंच कुठे?

सूयिंग म्हणाली, "महाराज, पाणी तुमच्या त्या जाळ्यात आहे."

राजाने गाठोड्याकडे बघितलं. मग सेनापतीला खूण केली, सोड म्हणून.

"त्यांनी नाही," सूयिंग म्हणाली. "हुकूम तुमचा होता. गाठी तुम्ही सोडायच्या, तुमच्या हातांनी."

 राजाशी असं कुणी बोलत नाही! राजा तिच्याकडे रागाने बघत राहिला. तीही त्याच्याकडे बघत राहिली. पापणी लववली नाही तिने. मग राजा उठला, तिच्या हाताखालून वाकून आत जाळ्यापाशी गेला आणि एकेक गाठ सोडायला बसला. सवय नव्हती ना, नखं तुटली बिचाऱ्याची. शेवटची गाठ सुटली, तसा ढग फस्सकन बाहेर आला, आळोखेपिळोखे देऊन मोठा मोठा झाला आणि धो धो कोसळला. शिपायांवर कोसळला, पोरांवर, गुरुजींवर, राजावर. राजाने तोंड वर केलं आणि लहान मुलासारखा आ करून पाणी प्यायला.

तो काही तिच्या पाया पडला नाही, बरं का. माफीही मागितली नाही. ओल्या कपड्यांनी गुपचूप पायऱ्या उतरला. पण पुन्हा कधी आला नाही, आणि त्याने बागेसाठी आपल्या माणसांकडून एक विहीर खणून घेतली, चारचौघांसारखी.

आणि सूयिंग? ती आधी पोटभर जेवली आणि दोन दिवस झोपली. मग गुरुजींनी तिला शिकवायला बसवलं. ही बातमी सात गावांत गेली आणि एका सकाळी फेंग बघतो तर काय, पायऱ्यांवर रांग लागलेली! कोळीण, धोबीण, विणकरीण, सगळ्या पिकल्या केसांच्या, काठ्या टेकत, धापा टाकत, एकमेकींना हात देत वर येत होत्या. फेंग हसला नाही. तो कमानीतून बाजूला झाला आणि म्हणाला, "या आजी, या. सावकाश या."

मग ती सगळी माणसं त्या डोंगरावर आणि त्या सात गावांत खूप वर्षं सुखाने राहिली. संपलं. आता पाय आत घ्या, पांघरूण नीट ओढा आणि डोळे मिटा. त्यांना सुखाचे दिवस मिळाले, तुम्हाला सुखाची झोप मिळो.