नवऱ्याची संमती

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फुटबॉलच्या संघनिवडीचा दिवस होता. एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली गोलकीपर शर्वरी उन्हाळ्यात लग्न करून परत आली होती. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळायची तिची ही शेवटचीच संधी. पुढच्या वर्षी ती वयोमर्यादेत बसणार नव्हती. हजेरी, गुण, वय, सगळं नियमात होतं. तरी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले यादी वाचताना तिच्या नावाशी थबकले.

“लग्न झालंय तुझं. आता नवऱ्याची लेखी संमती लागेल. उद्या हातपाय मोडला तर सासरचे आमच्या दारात यायचे.”

शर्वरीने मनात हिशेब मांडला. भांडावं तर यादीतलं नाव जाणार, गप्प बसावं तर मान जाणार. तिने शांतपणे विचारलं, “हा नियम लग्न झालेल्या सगळ्याच खेळाडूंना आहे का, साहेब?”

“अर्थात. माझ्याकडे दुजाभाव नसतो.”

“मग मुलांच्या संघाच्या कप्तानाचं नाव तुम्ही आत्ताच पक्कं केलंत, तेही थांबवावं लागेल. हा रणधीर माझा नवरा आहे. त्याच्या बायकोने अजून संमती दिलेली नाही.”

तात्यासाहेबांनी बाजूलाच बसलेल्या रणधीरकडे पाहिलं. त्याच्याशिवाय करंडक येणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते यादी लिहिणाऱ्या प्रशिक्षकांना म्हणाले, “लिहा दोघांची नावं.”

बाहेर आल्यावर रणधीर हळूच म्हणाला, “हे मीच बोलायला हवं होतं.”

“हो,” शर्वरी म्हणाली आणि हातमोजे चढवत मैदानाकडे निघाली.