नऊ दिवसांचे झबले

एकदा एक वृद्ध धर्मगुरू समुद्राकाठच्या एका गावी राहत असत. गावात केळीच्या बागा होत्या, बागांच्या मधोमध एक जुने चर्च होते आणि चर्चमागच्या दोन खोल्यांत फादरांचा संसार होता, म्हणजे एक खाट, एक कंदील आणि पुस्तकांनी वाकलेली एक फळी. एका वर्षी त्यांच्याकडे एक तरुण शिष्य आला. त्याचा सेमिनरीतला अभ्यास पूर्ण झाला होता आणि धर्मगुरूपदाच्या दीक्षेला सहा महिने उरले होते. मुलगा बुद्धिमान होता, मनाने निर्मळ होता. खोट एकच होती. समोरच्याचा प्रश्न संपण्याआधी त्याचे उत्तर तयार असे. हा दोष बहुधा वयाचा असतो आणि वयाबरोबर जातो. आपल्यापैकी काहींचा अजून गेलेला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

त्याच गावात मार्तामावशी नावाची चौऱ्याऐंशी वर्षांची एक विधवा अंथरुणाला खिळली होती. तिच्या तरुणपणी तिला एक मुलगी झाली. आठव्या दिवशी तिचा बाप्तिस्मा होऊन सिसिलिया नाव ठेवले आणि नवव्या दिवशी ती गेली. पुढे मुलगे झाले, सुना आल्या, पण सिसिलियाच्या बाप्तिस्म्यासाठी स्वतःच्या हाताने शिवलेले पांढरे झबले मावशीने ट्रंकेत जपून ठेवले. दर वर्षी पावसाळा सरला की ती ते बाहेर काढून उन्हात घाली आणि पुन्हा घडी करून ठेवी. सिसिलिया गेल्यावर रिकामे झालेले हात स्वस्थ बसेनात, म्हणून ती सासूच्या हाताखाली बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायला शिकली. पन्नास वर्षे तिने हेच केले. बाळाला तेल चोळावे, पायांवर पालथे घेऊन कढत पाणी घालावे, नाक वर ओढावे, डोके दाबून दाबून गोल घडवावे. गावातली अर्धीअधिक डोकी तिच्या हातची होती आणि त्यातली काही वाकडी निघाली तर तो दोष आपला नाही, असे ती हसत सांगे.

थोरली सून रेजिना तिचे सगळे प्रेमाने करीत असे. तिला मावशीने एक गोष्ट बजावून ठेवली होती. मी गेले की पेटीत माझ्या हातात ते झबले द्यायचे, पोरगी उघडी असेल, मला तिला घालायचे आहे.

दर शुक्रवारी शिष्य आजाऱ्यांना घरोघर ख्रिस्तप्रसाद द्यायला जाई. मावशीकडे तो पहिल्यांदाच गेला, तेव्हा तिने त्याला खाटेशी बसवून विचारले की वर माझी सिसिलिया अजून तेवढीच असेल ना. तिला फक्त होकार हवा होता. शिष्याने उत्तर दिले. प्रभू तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास मरणातून उठला, म्हणून अंती आपणही सर्व त्याच भरल्या वयाचे होऊन उठू, असे जुन्या पंडितांचे मत आहे, असे तो म्हणाला. तिथे म्हातारे म्हातारे राहणार नाहीत आणि तान्ही तान्ही राहणार नाहीत. मावशीचे गुडघे सरळ होतील आणि सिसिलिया चांगली उंचपुरी, देखणी बाई होऊन समोर येईल. आपण मोठी आनंदाची वार्ता देत आहोत असेच त्याला वाटत होते.

पुढच्या शुक्रवारी मावशीने ओठ मिटून घेतले. प्रसाद घेईना. दोन दिवसांनी पेजही बंद केली. रेजिनाने खोदून खोदून विचारले तेव्हा ती एवढेच बोलली.

“तिथं एवढ्या माणसांत एक परकी बाई येऊन मला आई म्हणेल. मी तिला ओळखणार नाही. जन्म दिला मी, आणि मीच ओळखणार नाही. त्यापेक्षा मला तिथं जायचंच नाही.”

रेजिना रडत चर्चमध्ये आली. शिष्याला अतिशय वाईट वाटले. त्याने रात्रभर ग्रंथ चाळले आणि सकाळी गुरूंना सांगितले की आणखी तीन आधार सापडले आहेत, ते वाचून दाखवले तर मावशीची समजूत पटेल. गुरूंनी ग्रंथ त्याच्या हातातून घेऊन फळीवर ठेवले आणि आजाऱ्यांना लावण्याच्या पवित्र तेलाची डबी आणि ख्रिस्तप्रसाद बरोबर घ्यायला सांगितले.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. गुरूंनी रेजिनाकडून खोबरेल कोमट करून मागवले. शिष्य गोंधळला. म्हातारपणी फादरांची तेलातेलांत गल्लत झाली असे वाटून त्याने हळूच डबी पुढे केली. गुरूंनी ती बाजूला ठेवली आणि त्याला खाटेजवळ पाटावर, मावशीकडे पाठ करून बसायला सांगितले.

“मावशी,” ते म्हणाले, “या मुलाच्या डोक्याला जरा तेल लावून द्या. अभ्यासानं फार तापलंय.”

मावशीला कुणाशी काही देणेघेणे उरले नव्हते. परंतु पुढ्यात आलेल्या डोक्याला तिने आयुष्यात कधी नाही म्हटले नव्हते. रेजिनाने उशी लावून तिला बसते केले. तिने वाटीत बोटे बुडवली आणि परक्या माणसाच्या केसांत तेल जिरवू लागली. सुरुवातीला बोटे नुसतीच फिरत होती. मग ती डाव्या कानाच्या मागे गेली, थांबली, पुन्हा तिथेच गेली.

“हा इस्पेरांसचा पोरगा,” ती म्हणाली. “आठव्या महिन्यात आलेला. हे टेंगूळ मी चाळीस दिवस दाबलं. बसलं नाही ते नाहीच.”

शिष्याने मागे वळून पाहिले. त्याच्या आईचे नाव इस्पेरांसच होते. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे तो याच गावात, आजोळी जन्मला होता आणि चाळीस दिवसांचा होताच आईबरोबर वडिलांच्या गावी गेला होता. आजोळचे घर मग बंद झाले. गेल्या महिन्यात इथे येईपर्यंत सव्वीस वर्षांत त्याने गावात पाऊल ठेवले नव्हते आणि तो कोण हे मावशीला कोणी सांगितले नव्हते. गुरूंना मात्र ठाऊक होते, कारण त्याचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता.

मावशीने मोतीबिंदूचे डोळे बारीक करून त्याचा दाढीचा चेहरा न्याहाळला. तोंडावरून काही तिला तो ओळखू आला नसता, हे तिनेच कबूल केले. तेव्हा गुरू खाटेच्या कडेवर बसले.

“चाळीस दिवसांचं पोर तुमच्या हातून गेलं आणि आज दाढीवाला बाप्या परत आला. मग ते पोर कुठं गेलं, मावशी?”

मावशीने शिष्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही. “कुठं जाईल,” ती म्हणाली. “यातच आहे.”

“तर मग ऐका. सिसिलिया तिथं किती वयाची असेल, हे मला ठाऊक नाही. याला नाही, याच्या पुस्तकालाही नाही. पंडितांनी प्रेमानं अंदाज बांधले, एवढंच. शुभवर्तमानात आहे तेवढं मला ठाऊक आहे. प्रभू उठला तेव्हा मग्दालिया मरियेनं त्याला पाहिलं आणि माळी समजली. त्यानं नावानं हाक मारली, तेव्हा ओळख पटली. शिष्यांना त्यानं हातांवरचे घाव दाखवले. एवढा तेजस्वी देह मिळाला, तरी खिळ्यांचे घाव तसेच ठेवले होते. ज्यानं घावसुद्धा पुसले नाहीत, तो तुमचे नऊ दिवस पुसून टाकेल का? ती कितीही मोठी होऊन येवो, ते नऊ दिवस तिच्यातच असतील.”

मावशीची बोटे पुन्हा शिष्याच्या कानामागच्या टेंगळावर गेली. मग तिने खालच्या आवाजात दुसराच प्रश्न विचारला. तिच्या मनातले खरे भय बहुधा तेच असावे.

“तेव्हा मी बावीस वर्षांची होते, फादर. ती मला ओळखेल?”

“नऊ दिवसांच्या लेकराला चेहरा कुठं नीट दिसतो,” गुरू म्हणाले. “तिनं तुमचे हात ओळखले होते.”

मावशीने आपले तेलकट हात उलटेसुलटे करून पाहिले. वयाने ते सुरकुतले होते, पन्नास वर्षे कढत पाण्याने भाजून निघाले होते. ती रडली आणि तिच्याबरोबर शिष्यही रडला. मग तिने त्याला पाटावर नीट बसवले, उरलेले तेल संपवले आणि त्यानंतरच प्रसादासाठी तोंड उघडले. गुरूंनी पवित्र तेलाने तिच्या कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर क्रूस काढला.

परतताना शिष्याने विचारले, मी चूक बोललो का. गुरू म्हणाले की बोललास ते खोटे नव्हते, पण ती वय विचारत नव्हती, पोर विचारत होती. मग त्याच्या चमकणाऱ्या डोक्याकडे पाहून त्यांनी त्याला टोपी घालायला सांगितले.

अकराव्या दिवशी मावशी शांतपणे गेली. पेटी बंद करण्याआधी रेजिनाने ट्रंकेतून झबले आणून शिष्याच्या हाती दिले. त्याच्या तळहातावर मावेल एवढेच ते होते. मावशीने शेवटी आपला निरोप बदलला होता, असे रेजिनाने सांगितले. पोरीला घालायला नको, आता तिला ते होणार नाही.

“नुसतं माझ्या हातात द्या, म्हणाल्या. तिला दाखवायचं आहे, एवढीशी होतीस तू.”

शिष्याने घडी न मोडता ते मावशीच्या हातात ठेवले.